हिशेब बांधावरून मांड

पोरी, या वर्षी एमबीएच्या मुलांना रिअल इस्टेट फायनान्स तू शिकवणार आहेस, म्हणून हे सांगतोय. तुझ्या हातातलं पुस्तक चांगलं आहे. कॅप रेट, आयआरआर, कर्जाचं प्रमाण, सगळं त्यात नीट दिलंय. पण ते गुंतवणूकदाराच्या बाजूने लिहिलेलं आहे. पैसा त्याच्याकडे, जमीन दुसऱ्याची, आणि ती किती भावाने घ्यावी एवढाच प्रश्न. तुझ्या वर्गात बसणारी पोरं माळेगाव, सणसर, निमगाव केतकी, भिगवण, सुपे अशा गावांतून एसटीने नाहीतर दुचाकीवरून येतात. त्यांच्या घरी जमीन आहे, पैसा नाही. त्यांच्या आयुष्यातला जमिनीचा पहिला मोठा व्यवहार कुठल्या फंडाच्या ऑफिसात होणार नाही. तो घरच्या ओसरीवर होईल. विकासक कागद घेऊन येईल, चुलते बसलेले असतील, आणि वडील म्हणतील, "तू शिकलायस, तू बघ जरा." त्या दिवसासाठी शिकव. बँकेच्या कर्ज विभागात आणि नंतर वर्गात उभं राहून मला जे उमगलं ते एवढंच, बाकी सगळं त्याचा विस्तार.

पहिल्या तासाला संगणक उघडू नकोस. सातबारा वाच. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो, त्यामुळे प्रत्येकाच्या हातात एकेक देता येईल. मात्र घरचा उतारा आणायला सांगशील तर नाव, गाव आणि गट नंबर झाकून आणा, असं आधी बजाव. भाऊबंदकी, कर्ज, कोर्टातला दावा, सगळं त्या एका कागदावर दिसतं. कुणाच्या घरची अडचण वर्गाच्या चर्चेत येता कामा नये. हा नियम मोडलास तर पुढच्या तासाला एकही मूल खरा कागद आणणार नाही.

उताऱ्यावर आधी भोगवटादाराचा वर्ग बघायला लाव. वर्ग एक असेल तर मालक विकायला मोकळा. वर्ग दोन असेल तर शासनाची शर्त आहे. बारामती आणि इंदापूर या आपल्या दोन तालुक्यांत अशा जमिनी पुष्कळ: कुळकायद्याने मिळालेल्या, वतनाच्या, उजनीच्या धरणग्रस्तांना पुनर्वसनात दिलेल्या. वालचंदनगर भागात तर इतिहासच वेगळा. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यात साखर कारखान्यांच्या शेतजमिनी सरकारजमा झाल्या, त्या शेती महामंडळाने कसल्या आणि पुढे कित्येक वर्षांनी खंडकऱ्यांना, म्हणजे कारखान्यांना जमीन खंडाने दिलेल्या मूळ मालकांना, शर्तींसह परत मिळाल्या. शेजारशेजारच्या दोन गटांची माती एकच, पाणी एकच, आणि किंमत वेगळी, ती या एका ओळीमुळे. कुळकायद्याच्या जमिनीला २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला दहा वर्षं होऊन गेली असतील तर, आकाराच्या ४० पट नजराणा भरून विक्रीची वाट मोकळी होते. आकार म्हणजे शेतसारा, तो मोजक्या रुपयांचा असतो, तेव्हा ही रक्कम किरकोळ. वतनाच्या जमिनीला मात्र नजराणा बाजारभावाच्या हिशेबाने बसतो आणि परवानगीचा काळ वेगळाच. जमिनीची किंमत काढताना नजराणा वजा करायचा हे मुलांना लगेच कळतं. परवानगीला लागणारा काळही किंमतच आहे, हे त्यांना आकडा मांडूनच दाखवावं लागतं.

मग 'इतर हक्क' हा रकाना. तिथे बहुतेक उताऱ्यांवर विकास सोसायटीचा इकरार, म्हणजे पीककर्जाचा बोजा, असतो. पोरांना तो इतका सवयीचा झालाय की त्यांना तो दिसतच नाही. तिथे थांब आणि विचार: सोसायटी कर्ज देते ते कशाच्या भरवशावर? बहुतेक जण सांगतील, जमिनीच्या. मग विचार, वसुली कुठून होते? उसाच्या बिलातून. छत्रपती असो, माळेगाव असो की सोमेश्वर, कारखान्याकडून येणाऱ्या पैशातून सोसायटीची रक्कम आधी कापली जाते आणि उरलेलं शेतकऱ्याच्या खात्यात पडतं. म्हणजे इकरार जमिनीवर असला तरी खरा आधार येणाऱ्या पैशाचा आहे. तारण बघून दिलेलं कर्ज आणि आवक बघून दिलेलं कर्ज, यातला फरक पुस्तकात दोन पानांचा आहे. आपल्या मुलांनी तो घरी दर हंगामाला पाहिलेला आहे, फक्त त्याला नाव दिलेलं नाही. नाव द्यायचं काम तुझं.

इथून बिनशेतीवर ये. बिनशेतीचा आदेश म्हणजे घर बांधायची परवानगी, एवढंच मुलांना ठाऊक असतं. बँकेच्या बाजूने तो आदेश वेगळा दिसतो. थकीत कर्जाचं तारण कोर्टात न जाता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने दिला, पण शेतजमीन त्यातून वगळली. सहकारी बँकांना हा कायदा लागू आहे की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तो कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या बँकेच्या प्रकरणात, आणि मे २०२० मध्ये निकाल लागला की लागू आहे. आता दोन्ही गोष्टी जोडून दाखव. जमीन शेतीची असेपर्यंत बँकेला ही वाट बंद. बिनशेती झाली की तीच जमीन बँकेला पक्कं तारण वाटू लागते, कर्ज वाढीव मिळतं, आणि त्याबरोबर ती हातातून जाण्याची वाटही मोकळी होते. कारखानदारी उभी करायला निघालेल्या मुलाला बापाची जमीन बिनशेती करून गहाण टाकायची असेल, तर त्याने हे समजून सही करावी.

आता मुख्य विषय. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे खासगी बिल्डरला जमीन खरेदीसाठी बँक कर्ज देऊ शकत नाही, प्रकल्पाचा भाग म्हणूनसुद्धा नाही. हे वाक्य फळ्यावर लिही आणि तास संपेपर्यंत पुसू नकोस. बँक बांधकामाला पैसे देईल, घर घेणाऱ्याला देईल, पण जमिनीला नाही. मग बिल्डरने जमीन आणायची कुठून? स्वतःच्या भांडवलातून, महागड्या खासगी पैशातून, किंवा विकसन करारनाम्यातून. करारनाम्यात जमीनमालक जमीन देतो आणि बदल्यात बांधकामाचा नाहीतर विक्रीचा काही हिस्सा घेतो. म्हणजे प्रकल्पातलं पहिलं भांडवल जमीनमालक घालतो. त्याच्यावर व्याज कुणी देत नाही, आणि त्याची परतफेड सगळ्यात शेवटी होते. आपल्या वर्गातल्या मुलाचा बाप त्या टेबलावर भांडवलदार म्हणून बसलेला असतो आणि ते त्यालाच माहीत नसतं. हे एकदा मुलांच्या मनात बसलं की उरलेला अभ्यासक्रम ती स्वतः ओढून नेतात.

या ठिकाणी घाई करू नकोस, दोन-तीन तास जाऊ देत. मी एकच उदाहरण मांडायचो. गावालगत दोन एकर. एक जण आज रोख २ कोटी देतोय. दुसरा विकासक म्हणतो, जमीन द्या, तुमच्या हिश्शाचे गाळे आणि फ्लॅट विकून तुम्हाला ४ कोटी मिळतील, तीन वर्षांत. वर्गाला हात वर करायला सांग. बहुतेक हात ४ कोटींसाठी वर जातील. मग १५ टक्के दर धरून त्या ४ कोटींचं आजचं मूल्य काढायला लाव. तीन वर्षांनी मिळाले तर ते २ कोटी ६३ लाख होतं, चांगला सौदा. पाच वर्षं लागली तर १ कोटी ९९ लाख, म्हणजे रोखीच्या बरोबरीत. सात वर्षं लागली तर दीड कोटी. भाव तोच, जमीन तीच, विकासकही प्रामाणिक, आणि तरी पन्नास लाखांचा तोटा. 

मग एखादी हुशार मुलगी उठायची आणि विचारायची, सर, १५ टक्केच का? तुझ्या वर्गातही हा प्रश्न येईल, आला नाही तर तूच काढ. वडील २ कोटी बँकेच्या ठेवीतच ठेवणार असतील तर ७ टक्के धरू या. सात वर्षांनी मिळालेल्या ४ कोटींचं आजचं मूल्य मग जवळजवळ २ कोटी ४९ लाख निघतं, आणि विकसन पुन्हा फायद्याचं दिसतं. इथे मुलं गोंधळतात, आणि तो गोंधळ चांगला. ठेवीचे पैसे बुडण्याची भीती फार थोडी, अर्धवट इमारतीचे बुडण्याची भीती मोठी. दोन्हींना एकच दर लावता येत नाही. किती जोखीम या घराला पेलेल, घरात लग्न आहे का, आजारपण आहे का, डोक्यावर कर्ज आहे का, त्यावरून दर ठरतो. पुस्तकातला दर मोठ्या फंडासाठी काढलेला असतो. ओसरीवरचा दर प्रत्येक घराचा निराळा असतो आणि तो घरातल्यांनीच ठरवायचा असतो.

करारनाम्याच्या कलमांना नंतर हात घाल. मुदत कुठल्या तारखेपासून मोजायची, करार झाल्यापासून की बांधकाम परवाना मिळाल्यापासून? उशीर झाला तर दरमहा किती भरपाई? अनामत रक्कम परत करायची की नाही? कुलमुखत्यारपत्र किती अधिकारांचं, आणि विकासकाला त्या जमिनीवर कर्ज काढता येईल का? मालकाच्या हिश्शाचे फ्लॅट कुठले, हे नकाशावर रंगवून करारालाच जोडलं आहे का, की नंतर मागच्या बाजूचे माथी येतील? यातल्या प्रत्येक कलमाचा रुपयांत आकडा काढायला लाव. शब्द वकिलाने बघावेत, आकडा मुलाने काढावा.

रेराबद्दल मुलांना अर्धवट माहिती असते. २०१६ चा कायदा, महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेरा, एवढं सगळे सांगतात. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून जमीन आणि बांधकामावरच खर्च करायची, आणि नोंदणीकृत कराराआधी १० टक्क्यांहून जास्त घ्यायचे नाहीत, हेही सांग. पण जमीनमालकाच्या पोराला जे कळलंच पाहिजे ते वेगळं आहे. प्रकल्पात ज्याचा हिस्सा आहे तो मालक महारेराच्या नोंदणीत सहप्रवर्तक म्हणून येतो, आणि जबाबदारीही त्याच्याकडे येते. "आम्ही नुसती जमीन दिली होती" हे पुढे चालत नाही. करापुरतं एक बरं आहे: २०१७ पासून व्यक्ती किंवा एकत्र कुटुंबाने नोंदणीकृत विकसन करार केला, तर भांडवली नफ्याचा कर साधारणपणे पूर्णत्वाचा दाखला मिळेल त्या वर्षी लागतो, सही केली त्या वर्षी नाही. आणि शेतजमीन नगरपालिकेच्या हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेर असेल तर ती करासाठी भांडवली मालमत्ताच धरत नाहीत. हे अंतर लोकसंख्येप्रमाणे २, ६ किंवा ८ किलोमीटर असतं आणि सरळ रेषेत मोजतात. बारामतीसाठी कोणतं लागू, ते पोरांनाच शोधायला लाव.

नोंदणीच्या किमतीवर एक तास जरूर ठेव. खरेदीखतात कमी रक्कम दाखवून उरलेली रोख घ्यायची, हे आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलं. मुलांना त्यात गैर वाटत नाही, म्हणून नीतीच्या गोष्टी सांगू नकोस, हिशेब दाखव. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात मोबदला ठरवताना परिसरातली गेल्या तीन वर्षांतली खरेदीखतं बघतात, त्यांतली जास्त भावाची निम्मी घेतात आणि सरासरी काढतात. त्या रकमेला गुणक लागतो आणि वर तेवढीच दिलासा रक्कम. पालखी मार्ग पाटसवरून बारामती, इंदापूरकडे गेला, पुणे-सोलापूर महामार्ग आधीच होता. इथल्या किती घरांत संपादनाची नोटीस आली ते मुलांना पाठ आहे. गावाने मुद्रांक वाचवायला वर्षानुवर्षं कागदावर भाव दाबून ठेवला असेल, तर रस्ता येतो तेव्हा त्याच कागदांनी गावाचा मोबदला दाबला जातो. एकाने वाचवलेले पैसे शेजाऱ्याच्या खिशातून गेलेले असतात. सूची क्रमांक दोनचे दस्त ऑनलाइन बघता येतात. एखाद्या गावाचे दस्त घेऊन मुलांना ही सरासरी स्वतः काढू दे.

बहिणींचा हिस्सा तुला वर्गात शिकवावाच लागेल, आणि मला वाटतं तो तू माझ्याहून चांगला शिकवशील. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून मुलाइतकाच हक्क आला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. आपल्याकडे हा विषय राखीपौर्णिमेला आणि हक्कसोडपत्रात संपतो. पण विकासकाचा वकील शोध अहवाल काढतो तेव्हा पहिला प्रश्न बहिणींच्या सह्यांचाच असतो, कारण एक सही राहिली तर बँक बांधकामाला पैसे देत नाही. हे फायनान्सच्या तासाला आलं पाहिजे, कारण आजच्या मूल्याच्या तक्त्यात एका वर्षाचा उशीर किती पडतो ते मुलांनी नुकतंच काढलेलं असतं. वर्गातल्या मुलींना तो तक्ता नीट करता आला पाहिजे. हक्क सोडायचा की ठेवायचा हे त्यांचं त्या ठरवतील, पण आकडा माहीत असून ठरवतील.

गृहकर्ज शिकवताना जाहिरातीतला हप्ता घेऊ नकोस, पूर्ण वेळापत्रक काढ. २५ लाख, ९ टक्के, २० वर्षं: हप्ता साधारण २२,५०० रुपये. पहिल्या हप्त्यात १८,७५० व्याज, मुद्दल पावणेचार हजारही नाही. दहा वर्षं एकही हप्ता न चुकवता भरले तरी १७ लाख ७५ हजारांच्या आसपास मुद्दल शिल्लकच. हा आकडा ऐकून वर्ग गप्प होतो. थोडा वेळ गप्प राहू दे. मग दरवर्षी एक जादा हप्ता भरला तर काय होतं ते त्यांनाच काढायला सांग. कर्ज घराच्या किमतीच्या किती टक्के मिळतं तेही सांग: ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० पर्यंत, त्यावर ७५ लाखांपर्यंत ८०, पुढे ७५. आणि मुद्रांक, नोंदणीचा खर्च या किमतीत धरत नाहीत, त्यामुळे हातात लागणारी रक्कम पोरं नेहमी कमी मोजतात.

भाड्याचं फार नको. बारामतीत विद्यानगरीच्या आसपास विद्यार्थ्यांसाठी खोल्या बांधणाऱ्याला वर्षाचं भाडं बारा महिन्यांचं धरायची सवय असते. सुट्टीचे महिने कापायला लाव, रंगरंगोटी कापायला लाव, मग टक्केवारी काढ. एमआयडीसीचा भूखंड मालकीचा नसून ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा असतो, हे मात्र एकदा बजावून सांग. उरलेली वर्षं कमी होतात तशी किंमत बदलते, आणि हस्तांतराला महामंडळाची परवानगी व शुल्क लागतं.

पाण्याचं पुस्तकात सापडणार नाही. तिथे ते 'लोकेशन' म्हणतात. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला, आणि तेव्हापासून बारामती तालुक्यात जमिनीचा भाव पाटाच्या कुठल्या बाजूला आहे यावर ठरत आलाय. सुप्या-मोरगावकडचं जिरायत आणि माळेगावचं बागायत यांच्या भावातलं अंतर काढ, त्यातलं किती पाण्याचं, किती रस्त्याचं, किती शहर जवळ येण्याचं, असं वेगळं करायला लाव. उत्तर अचूक येणार नाही. पण कुठल्या भागाचा भाव उत्पन्नाने दिलाय आणि कुठला नुसत्या आशेने, हे ओळखायची सवय लागेल.

शेवटच्या आठवड्यात मगरपट्टा घे. हडपसरला सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन बिल्डरला न विकता एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात तिचे भाग घेतले. सतीश मगर पुढे होते. २००० च्या सुमाराला काम सुरू झालं. घरं विकली गेली, पण आयटीच्या इमारतींचं भाडं कंपनीकडे येत राहिलं. मुलं भारावून जातात, आणि ते योग्यच आहे, कारण जमीनमालकाला आपण भांडवलदार आहोत हे कळलं तर काय उभं राहतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पण नुसतं भारावून जाऊ देऊ नकोस. जमीन सलग होती. बरीचशी एकाच भावकीची होती, त्यामुळे विश्वास बसायला वेळ लागला नाही. दारात पुणे होतं आणि नेमक्या त्याच काळात आयटी आलं. यातली कोणती गोष्ट बारामतीजवळच्या वीस एकरांना लागू आहे? इथे मागणी कारखान्यांची, कॉलेजांची, २०१९ ला सुरू झालेल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची. ती किती खोल्या आणि किती गाळे पेलेल? हा प्रश्न गटांना वाटून दे आणि फिरून आकडे गोळा करून आणायला पाठव.

परीक्षेत गणितं देशील ती द्यायचीच, विद्यापीठाचा अभ्यासक्रम आहे. अंतर्गत गुण मात्र तुझ्या हातात आहेत. ते तोंडी घे. चार खुर्च्या मांड: विकासक, बँकेचा अधिकारी, लग्न होऊन गेलेली बहीण आणि जमीनमालकाचं शिकलेलं मूल. चिठ्ठी टाकून भूमिका वाट, सातबारा आणि करारनाम्याचा मसुदा आदल्या दिवशी दे, आणि मसुद्यात मुदतीची तारीख, बोजा आणि एक सही मुद्दाम गाळून ठेव. चौथ्या खुर्चीवरच्या मुलाने उत्तर काय दिलं याला कमी गुण ठेव. गाळलेल्यातलं काय काय विचारून घेतलं, आणि वडिलांना समजेल अशा भाषेत किती सांगता आलं, याला जास्त.